सुपाएवढं पाखरू

देव झाडावर असले की खोटं बोलायचं नाही. बाकी पुष्कळ विसरलो असेन, हे नाही विसरलो.

सिंगापुरात टॅम्पिनीस भागात माझ्या मुलाच्या इमारतीमागं पेरूचं एक झाड आहे. त्याच्या बुंध्याशी बसून हे लिहितो आहे. बाजूला सिमेंटचा बाक आहे, पण मी गवतावरच बसतो. राखण बाकावर बसून होत नाही. डोक्यावरच्या फांदीला एक रिकामा कोश लटकतो आहे. सुकल्या पानात गुंडाळलेला, मातकट, एका टोकाला उघडा. वारा आला की आतलं टरफल खुळखुळतं. ऐकणाऱ्याला ते वाळक्या शेंगेसारखं वाटेल. मला त्या आवाजात आमची झोपडी दिसते, आढ्याला टांगलेल्या कोशांच्या माळा दिसतात, आणि माळांखाली मांडी घालून बसलेला माझा बा.

आम्ही ढिवर, वैनगंगेच्या काठचे. नदीत मासे धरायचे आणि पावसाळा उताराला लागला की जंगलात जाऊन कोसा करायचा. कोसा म्हणजे टसरचं रेशीम. त्याचे किडे घरात नाही वाढत, त्यांना उभं झाड लागतं. ज्याला तुम्ही ऐन म्हणता त्याला आम्ही येन म्हणतो. मगरीच्या पाठीसारखी त्याची साल, आणि कोवळं पान चुरगळलं तर कच्च्या चिंचेसारखा वास. त्या पानांचे दोने करून त्यात नुकते फुटलेले, मुंगीएवढे किडे ठेवायचे आणि दोने फांद्यांना अडकवायचे. त्या दिवसापासून त्यांना किडे म्हणायचं नाही. देव म्हणायचं. देव जेवले. देव झोपले. देवांनी कात टाकली.

देव झाडावर असेतो राखणदारानं जंगलात राहायचं. खाटेवर निजायचं नाही, दाढी करायची नाही, तेल लावायचं नाही, हळद खायची नाही. लाखोरीची डाळ नुसती मीठ घालून शिजवायची. दिवसभर गुलेलीनं मातीच्या गोळ्या मारून पक्षी हाकलायचे. आणि तोंडातून खोटं काढायचं नाही, चेष्टेतसुद्धा नाही. बा म्हणायचा, "कोशातून जे पाखरू निघते ना, त्याले तोंड नसते. खात नाही, पीत नाही, चार दिवस जगते अन् अंडी देऊन मरते. ज्याले तोंडच नाही त्याच्या रानात आपण तोंड सांभाळून ऱ्हावं."

त्या रानाचे आवाज माझ्या कानातून अजून गेले नाहीत. देव मोठे झाले, करंगळीहून लांब झाले, की शेकडो झाडांवर एकदम चरायचे. लांब कुठं तरी पंगत उठते आहे आणि कुणी पत्रावळी गोळा करतं आहे, असा आवाज यायचा. त्याच्या खाली दुसरा आवाज, टप टप, सुक्या पानांवर लेंड्या पडल्याचा. बानं आम्हा दोघा भावांना पहिली गोष्ट शिकवली ती हीच: वर पाहू नका, खाली पाहा. हिरव्या पानात हिरवा देव दिसत नाही. झाडाखाली लेंडी दिसते. लेंडी पाहून कळतं देव केवढा झाला, भुकेला आहे की निजायला आला.

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एक दिवस दुपारी माझी पाळी संपली, दादा राखणीला बसला आणि मी नाल्यावर पाणी आणायला गेलो. पलीकडच्या काठावर जुनं उंबराचं झाड होतं. त्याच्या खोडावर ते बसलं होतं.

आधी मला वाटलं खोडाची सालच सुटली आहे. मग साल हलली. कोशाची पाखरं मी जन्मापासून पाहत आलो होतो, पण हे आमचं नव्हतं. विटेसारखा तांबूस रंग, वर गेरूनं ओढावी तशी नक्षी. पंखांची टोकं अशी वळलेली की दोन नाग दोन बाजूंना पाहत आहेत. आणि प्रत्येक पंखात एक खिडकी. भोक नाही, तिकोनी खिडकी, तिन्ही बाजूंनी काळी चौकट असलेली. त्या खिडकीतून मला मागची उंबराची साल दिसली. हातातलं मडकं कलंडलं ते मला कळलं नाही. पायावरून पाणी वाहून गेलं. नाला गप्प, रातकिडे गप्प. हे माझ्यासाठीच बसलं आहे असं मला वाटलं, आणि लगेच वाटलं, की मी इथं आहे हे त्याच्या गावीही नाही. दोन्ही वाटणं एकदम आली. तसं पुन्हा कधी झालं नाही. कालपर्यंत.

धावत झोपडीत आलो. बा डाळ पाखडत होता. दादा पाण्यासाठी आत आला होता.

"बा, पाखरू पाह्यलं! सुपाएवढं!"

बाच्या हातातलं सूप थांबलं. त्यानं सुपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"केवढं?"

"सुपाएवढं."

"देव झाडावर हायेत रे लहान्या. नीट सांग."

"सुपाएवढं," मी म्हणालो.

दादानं सगळं ऐकलं. पाणी पिऊन राखणीला गेला.

चौथ्या दिवशी देव गळायला लागले. मागच्या पायांनी फांदीला धरून डोकं खाली, अंगातून काळं पाणी. सगळ्या रानाला कुजक्या काकडीचा वास. टप टप आवाज तोच, पण तो आता लेंड्यांचा नव्हता. बानं माझा हात धरून मला थोरल्या येनापाशी नेलं. म्हणाला, झाडाला हात लाव आणि म्हण, खोटं बोललो. देव माफ करतात. मी म्हणालो, पाखरू मी पाह्यलं. बा म्हणाला, हात लाव. मी हात मागं बांधून उभा राहिलो. दादा शेजारी उभा होता आणि माझ्याकडं असा पाहत होता की अजून माझी वाट पाहतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला निघून गेलो. आधी विटा वाहिल्या, मग भिंती बांधल्या. माझ्या हातची एक भिंत ओळंब्याला सुताएवढी चुकली नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. बा गेला तो कोशाचा हंगाम नसताना, गावातल्या घरीच, म्हणून मला जंगलात पाय ठेवावा लागला नाही. दादा लग्नामरणात भेटत राहिला. जेवला का? जेवलो. पोरं बरी? बरी. यापलीकडं छप्पन्न वर्षांत आम्ही गेलो नाही. एकदा एका लग्नात मी पाखराचा विषय काढला, तर ताटावरून न उठता त्यानं विचारलं, "केवढं होतं म्हणतोस?" मी म्हणालो, सुपाएवढं. तो ताटाकडं पाहून जेवायला लागला.

आणि आता म्हातारपणी मुलाकडं सिंगापूरला आलो. विलास चांगी बिझनेस पार्कात कामाला जातो, सूनबाई अर्चना घरून काम करते. येऊन आठ दिवस झाले होते. इमारतीच्या खाली मोकळी जागा असते, खांबांमधली. तिथं लिफ्टजवळ झाडणाऱ्यानं कचऱ्याची ढेरी केली होती आणि ढेरीत एक तुटका पंख होता. विटेसारखा तांबूस. मधे खिडकी.

मी तिथंच फरशीवर बसलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली.

आमच्याच मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहते, केतकी. इथल्या विद्यापीठात असल्या पाखरांवरच संशोधन करते. अर्चनानं तिला बोलावलं. तिनं पंख उन्हाकडं धरला.

"ॲटलास पतंग आहे हा, आजोबा. इथं इमारतींच्या आसपास बऱ्याचदा दिसतो. आपल्याकडच्या जंगलातही असतो."

"आपल्याकडं असतो?"

"असतो की."

दोनच शब्द. ते ऐकायला बा नव्हता.

"सुपाएवढा असतो ना?"

ती हसली. "मोजल्याशिवाय मी काही सांगत नाही हं. प्रत्येक जण आपलं पाखरू मोठंच सांगतो."

पंख फाटका होता, पुरा मोजता येत नव्हता. मला ते बरंच वाटलं.

केतकी दक्षिण अमेरिकेच्या जंगलात जायची होती. तिथं राखेसारखं पांढरं एक पाखरू आहे, पंख पसरले तर जगात त्याच्याएवढं रुंद कुणी नाही. खोडावर बसलं की त्याच्या रेघा आणि खोडाच्या रेघा एक होतात. तिनं फोटो दाखवला. म्हणाली, "आजोबा, याची अळी कशी असते, कुठल्या झाडाचं पान खाते, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

मी फोटोकडं पाहतच राहिलो. एवढं मोठं पाखरू, आणि त्याचं लहानपण कुणी पाहिलं नाही! कुठल्या तरी फांदीवर ते आता, या घटकेला, पान खात असेल. केवढं रान असेल ते, की असा देव त्यात लपून राहावा.

"तू शोधतेस कशी?"

"झाडं बघते. पानं उलटून बघते. दिवे लावून बघते."

"वर पाहतेस."

"म्हणजे?"

"खाली पाह्य पोरी. लेंड्या पाह्य."

तिला पटलं की नाही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर खाली आली. चार दिवस आम्ही इमारतींच्या मागची झाडं पालथी घातली. ती वर पाहायची, मी खाली. लिंबं पाहिली, रामफळाच्या जातीचं काटेरी फळ येतं ती झाडं पाहिली. पाचव्या दिवशी या पेरूखाली मला लेंड्या दिसल्या. वाटाण्याएवढ्या, कातीव, ओल्या. ओणवा होऊन मी बोट वर केलं. मान वर केली नाही.

"त्या रेषेत पाह्य."

क्षणभर काही नाही. मग केतकी ओरडली, "अगं बाई!" अंगठ्याहून जाड, पिठात लोळल्यासारखा पांढरट हिरवा देव फांदीला उलटा धरून जेवत होता. मी डोळे मिटून ऐकलं. इतक्या वर्षांनी तो चरण्याचा आवाज, एकाच तोंडाचा.

दोन दिवसांत त्यानं पान ओढून घेतलं आणि कोश विणला. केतकी म्हणाली, तीन-चार आठवडे लागतील. मग ती तिच्या जंगलाकडं गेली आणि मी राखणीला बसलो.

त्या संध्याकाळी मी अर्चनाला सांगितलं, उद्यापासून माझ्या भाजीत हळद नको.

"डॉक्टरांनी सांगितलं का बाबा?"

"मी राखणीवर आहे."

"कुणाच्या?"

"देवाच्या."

आतून विलास म्हणाला, "घाल बिनहळदीचं. एकदा त्यांनी ठरवलं की ही इमारत हलेल, बाबा नाही हलणार."

सकाळी साडेसहाला खाली यायचं, दुपारच्या जेवणाला वर जायचं, उन्हं उतरली की पुन्हा खाली. दाढी वाढली. गादी सोडून फरशीवर निजायला लागलो तेव्हा अर्चनानं डोक्याला हात लावला, पण चटई आणून दिली. माझी राहायची मुदत विलासनं एकदा वाढवून घेतली होती, पुन्हा वाढणार नव्हती. परतीचं तिकीट रविवारचं. तेवढ्यात कोश फुटला तर फुटला. नाही तर ते निघेल तेव्हा मी नागपुरात, आणि पुन्हा माझ्याजवळ नुसता शब्द.

तिसऱ्या आठवड्यात गवत कापणारा आला. पाठीवर यंत्र, तोंडाला फडकं. खालच्या फांद्याही छाटत येत होता. मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो.

"चाचा, हटो ना. सुपरवायझर देखेगा."

"ये डाली नहीं कटेगी."

"क्यों? क्या है इसमें?"

"भगवान है."

त्यानं यंत्र बंद केलं, फडकं खाली ओढलं, कोशाखाली येऊन मान वाकडी करून पाहिलं. बांगलादेशचा होता. "रेशम का पोका!" म्हणाला. "हमारा गाँव में भी होता है, छोटा वाला. मेरा माँ पालता था." मग त्यानं झाडाभोवती हातभर रिंगण सोडून बाकीचं गवत कापलं. ते रिंगण अजून तसंच उभं आहे. मी आता त्यातच बसलो आहे.

शुक्रवार, म्हणजे काल. सात वाजले असतील. आतून खरवडल्याचा आवाज आला. कोशाच्या टोकाशी ओलं काही तरी हललं. आधी डोकं, मग केसाळ पाय, मग पोट, आणि पंख म्हणजे पिळून ठेवलेल्या दोन ओल्या चिंध्या. ते फांदीवर चढलं आणि लटकून राहिलं. मग चिंध्या उलगडायला लागल्या. घाई नाही. घडी मोडते आहे, रंग चढतो आहे, आधी काळसर, मग वीट. नागांची डोकी वळली. शेवटी खिडक्या उघडल्या. त्यातून मला सकाळ दिसली.

माणसं थांबायला लागली. शाळेची पोरं, बाजाराची ढकलगाडी ओढत निघालेल्या बाया. एका मुलानं हात पुढं केला, तशी एक चिनी म्हातारी, माझ्याहूनही थकलेली, त्याच्यावर डाफरली. मग माझ्याकडं वळून काही म्हणाली. मला इंग्रजी येत नाही. अर्चना खाली आली होती, ती म्हणाली, "बाबा, त्या म्हणतात, याला हाकलू नका. यांच्यात असं मोठं पाखरू आलं की गेलेलं माणूस भेटायला आलं असं मानतात. म्हणतात, तुमचे वडील असतील."

म्हातारीनं हात जोडले. मीही जोडले. छप्पन्न वर्षांपूर्वी सूप धरून बसलेला बा, आणि हे समोर.

मग मी उजवा हात पुढं केला. पंखाला न लावता, वरच्या वर, अंगठा एका टोकाशी आणि करंगळी ताणून. एक वीत. उरलेल्या जागेत दोन बोटं. पुन्हा मोजलं. भिंती मोजणाऱ्या माणसाचा हात आहे, चुकत नाही. वीत आणि दोन बोटं.

सुपात अशी दोन मावली असती.

"अर्चना," मी म्हणालो, "दादाले फोन लाव. चित्र दिसते तसा."

दादाच्या सुनेनं फोन धरला. आधी छत दिसलं, मग दादाचा कान, मग दादा. इकडून अर्चनानं फोन पाखरासमोर धरला. दादा पार पुढं झुकला, त्याचा एकच डोळा दिसायला लागला.  इकडं पाखराचा पंख फोनच्या काचेत मावत नव्हता. भिंतीएवढा दिसत होता. त्या काचेत ते सुपाहूनही मोठं होतं.

"हेच का रे?" दादानं विचारलं.

"हेच."

"केवढं हाये?"

फोनमध्ये मोजमाप दिसत नाही. मी जे म्हणेन ते. सूप शब्द जिभेवर होता, इतकी वर्षं तिथंच बसून गुळगुळीत झालेला. नुसतं तोंड उघडलं असतं तरी पडला असता. मी पेरूच्या बुंध्याला डावा हात लावला. गार होता, गुळगुळीत, येनासारखा नाही.

"वीत आन् दोन बोटं," मी म्हणालो. "सूप नाही दादा. सूप म्हणलो ते खोटं."

तिकडं कोंबडा आरवला. दादानं डोळे पुसले की नुसता हात फिरवला, काचेत नीट दिसलं नाही.

"हाव," तो म्हणाला. "तेवढंच होतं."

मला आधी समजलंच नाही. "काय म्हणतोस?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी गेलतो मी नाल्यावर. उंबरावरच होतं. वीत आन् दोन बोटं."

"मंग तवा बोलला काहून नाही?"

"कसा बोलू? सूप म्हणलो तर मी खोटा, वीत म्हणलो तर तू. बा हात लाव म्हणे, तू लावत नव्हता. लग्नात इच्यारलं, तरी तू सुपाच्या खाली उतरला नाही."

अर्चना माझ्याकडं पाहत होती. मी हसत होतो की काय करत होतो, मला माहीत नाही.

"आता कोठी हाये ते?" दादानं विचारलं.

"समोर. पंख वाळवते."

"आन् तू फोनवर गप्पा मारून ऱ्हायला?" दादाचा आवाज चढला, राखणीवर चढायचा तसा. "ठेव तो फोन. राखण कर."

मी फोन ठेवला. समोरच्या कठड्यावर दोन साळुंक्या येऊन बसल्या होत्या. मी उठून उभा राहिलो.